नाटक पाहून घरचा माणूस सुधारतो का?

मागच्या अंकात मी एका हौशी प्रयोगाबद्दल जाता जाता लिहिलं होतं. फ्रेंच नाटककार मोलिएरचं 'तार्त्युफ', ठाण्यातल्याच मंडळींनी मराठीत उतरवून घाणेकर नाट्यगृहाच्या छोट्या थिएटरात केलेलं. एरवी नाटकावर लिहिलं की दोन-तीन पत्रं येतात आणि त्यातलं एक हमखास पार्किंगबद्दल असतं. या वेळी गठ्ठाच आला, आणि त्यात नाटक कमी, घरं जास्त.

ज्यांच्या हाती तो अंक लागला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. ऑर्गों हा पॅरिसमधला खाऊनपिऊन सुखी गृहस्थ. चर्चमध्ये रोज समोर गुडघे टेकून उसासे टाकणारा, जमिनीचं चुंबन घेणारा तार्त्युफ त्याच्या मनात भरतो आणि तो त्याला घरीच आणून ठेवतो. मग घरात तार्त्युफचाच शब्द. मुलगी मारियान हिचं ठरलेलं लग्न मोडून तिला तार्त्युफच्या गळ्यात बांधायचं ठरतं. तार्त्युफचा डोळा मात्र ऑर्गोंच्या बायकोवर, एल्मीरवर. मुलगा दामिस हे लपून ऐकतो आणि बापाला सांगतो, तर बाप मुलालाच घराबाहेर काढतो आणि इस्टेट तार्त्युफच्या नावे करून मोकळा होतो. ऑर्गोंची आई मादाम पेर्नेल तार्त्युफची भक्त. बाकी सगळं घर विरोधात, त्यात मोलकरीण दोरीन सगळ्यांत पुढे.

आता पत्रं.

सासरे निवृत्त झाल्यापासून एका महाराजांच्या सत्संगाला जातात. महाराज महिन्यातून एकदा दोन शिष्यांसह आमच्याकडे मुक्कामाला असतात. तेव्हा एसीची खोली त्यांना आणि आम्ही हॉलमध्ये. सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला 'बघू पुढे' आणि महाराजांच्या गाडीला देणगी. आता राहता फ्लॅट ट्रस्टला देण्याची भाषा चालू आहे. त्यांना हे नाटक दाखवलं तर डोळे उघडतील का? पुढचा प्रयोग कधी आहे?
— एक सून, ऐरोली

ताई, नाटक जरूर दाखवा, पण औषध म्हणून दाखवू नका. तुमचे सासरे सगळ्यांत मोठ्यांदा हसतील आणि बाहेर पडताना म्हणतील, 'असले भोंदू फार माजलेत हल्ली. आमच्या महाराजांचं तसं नाही.' त्या प्रयोगाला माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, चष्मा काढून पुसावा लागला. मध्यंतरात वडा खाताना मला म्हणाले, 'आमच्या साडूला आणायला हवं होतं.' त्यांच्या स्वतःच्या मनगटावर तीन रंगांचे गंडे होते. हे नाटक प्रत्येकाला आपल्या साडूला दाखवायचं असतं.

लोक हे नाटक भोंदूबुवाचं म्हणून बघतात. माझ्या मते ते घरच्या कर्त्याचं नाटक आहे. मोलिएर कंपनीचा मालक, लेखक आणि मुख्य नट. पाहिजे ती भूमिका त्याला घेता आली असती. त्याने तार्त्युफ द्यू क्रुआझी नावाच्या नटाला दिला आणि स्वतः ऑर्गों केला. उगाच नाही केला.

पहिल्या अंकातला तो प्रवेश आठवून पाहा. ऑर्गों दोन दिवस बाहेरगावी होता, आता परतलाय. घरचं कसं काय, म्हणून दोरीनला विचारतो. ती सांगते, बाईसाहेबांना ताप होता, डोकं भयंकर दुखत होतं. हा विचारतो, 'आणि तार्त्युफ?' तो धडधाकट, गाल लाल, अंग सुटलेलं. हा म्हणतो, 'बिच्चारा!' बाईसाहेबांना रात्री घास गेला नाही. 'आणि तार्त्युफ?' त्याने बाईंच्या समोर बसून दोन तितर आणि बोकडाची अर्धी तंगडी फस्त केली. 'बिच्चारा!' बाईंचा रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तो मात्र जेवणावरून उठून गरम गादीत जो पडला तो सकाळपर्यंत. 'बिच्चारा!' शेवटी बाईंची शीर तोडून रक्त काढावं लागलं, तेव्हा कुठे उतार पडला. आणि तार्त्युफने बाईंचं गेलेलं रक्त भरून काढायला न्याहारीला चार मोठे पेले वाइन रिचवली. 'बिच्चारा!'

आपल्या प्रयोगातला ऑर्गों हे सगळं बुटाच्या लेस सोडता सोडता बोलत होता. पहिले तीन 'बिच्चारा' त्याने मान वर न करता म्हटले. चौथ्याला हातातला बूट तसाच धरून क्षणभर थांबला, आणि त्याचा आवाज खरोखर भरून आला. थिएटर हसत होतं, पण माझ्या मागच्या रांगेतून एका बाईचा 'अगं बाई' असा उद्गार आला. तिच्या घरी कोणीतरी असणार.

तुमच्या सासूबाईंचा गुडघा वाचताना मला तो प्रवेशच डोळ्यांपुढे आला.

ऑर्गों मूर्ख आहे असं मात्र समजू नका. दोरीनच सांगते की देशात बंडाळी झाली तेव्हा हा माणूस शहाण्यासारखा, धीराने राजाच्या बाजूने उभा राहिला होता. मग असा का झाला? मोलिएर सांगत बसत नाही. मला दिसतं ते असं: मुलं मोठी झालेली, बायको दुसरेपणाची आणि हुशार, मोलकरीण तोंडावर उत्तर देणारी. या घरात त्याच्या शब्दाला 'हो' म्हणणारं कोणी उरलं नाही. आयुष्यभर सही केली की फाइल हलायची, आणि आता दिवसभर 'बाबा, जरा पाय वर घ्या, केर काढायचाय' एवढंच कानावर येतं, अशा माणसाला कोणी 'आपल्यात काही वेगळंच तेज आहे' म्हणालं तर तो खोली देईल, नाही तर काय करील? मुलीचं लग्न ठरवताना बघा, ऑर्गोंला परमार्थाच्या नावाखाली हुकूम सोडायला मिळतो, आणि तो त्याला गोड लागतो.

नाटकातला सगळ्यांत समजूतदार माणूस एल्मीरचा भाऊ क्लेआन्त. खरी भक्ती आणि देखावा यांतला फरक तो इतका सुरेख समजावतो की वहीत उतरवून घ्यावं. उपयोग शून्य. ऑर्गों ऐकून घेतो, 'झालं तुमचं?' विचारतो आणि निघतो. एल्मीर व्याख्यान देत नाही, ती नवऱ्याला टेबलाखाली बसवते आणि तार्त्युफ आपल्याशी काय बोलतो ते त्याच्याच कानांनी ऐकवते. तुमच्या घरी टेबलाखाली बसवायचं ते हिशेबाला. ट्रस्टचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक मागा. सार्वजनिक ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असावी लागते, हिशेब तपासून घ्यावे लागतात. गाडीच्या देणगीची पावती मागा. आणि हे सासऱ्यांनाच मागू द्या, 'बाबा, कागद तुमच्याच हाती असलेले बरे' असं म्हणून. तुम्ही मागितलीत तर तुम्ही नास्तिक ठराल. ते मागतील आणि महाराज उखडतील, ते व्याख्यानापेक्षा जास्त कामाचं.

फ्लॅटचं मात्र नाटकावर सोडू नका, वकील गाठा. मी नाटकवाली, पण बँकेत आयुष्य गेल्यामुळे एवढं सांगू शकते: फ्लॅट सासऱ्यांच्या स्वकष्टाचा असेल तर तो कोणाला द्यावा हा त्यांचा अधिकार आहे. पण मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांत जमीनअस्मानाचा फरक. मृत्युपत्र हयातीत कितीदाही बदलता येतं. बक्षीसपत्र एकदा नोंदलं आणि समोरच्याने स्वीकारलं की मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही, कोर्टात भांडावं लागतं. ऑर्गोंने नेमकं हेच केलं. तेव्हा सासरे हट्टालाच पेटले तर 'बाबा, मृत्युपत्रात लिहा' म्हणा. इच्छेचा मानही राहतो आणि वेळही मिळतो. फ्लॅटवर सासूबाईंचं नाव असेल तर त्यांचा हिस्सा त्यांच्या सहीशिवाय हलत नाही, हेही त्यांच्या कानावर घाला.

आणि कायद्याला हा प्रकार नवा नाही. करार कायद्यात 'अनुचित प्रभाव' म्हणून कलम आहे. आत्म्याला परलोकात सद्गती मिळावी म्हणून एका वृद्धाने आपल्या गुरूला मिळकत बक्षीस दिली होती, ते बक्षीसपत्र अलाहाबाद हायकोर्टाने एकोणिसाव्या शतकातच रद्द ठरवलं. कायद्याची मुलं तो खटला अजून परीक्षेसाठी पाठ करतात.

पुढचा प्रयोग? हौशी मंडळी आहेत, तारीख मिळाली की करतील. याच पानावर कळवीन.

मुलगी दहावीत आहे. दाखवण्यासारखं आहे का?
— घणसोली

बेलाशक. टेबलाच्या प्रवेशात एक परपुरुष बाईच्या अंगचटीला येऊ पाहतो, पण सूत्रं सगळी तिच्याच हातात असतात. दहावीतल्या मुलीने पाहावं असंच आहे ते. मोलिएर परका वाटेल ही भीती नको. आपल्या 'संशयकल्लोळ'ची कुळी त्याच्यापर्यंतच जाते: देवलांनी आयरिश नाटककार मर्फीच्या नाटकावरून ते लिहिलं, १९१६ साली ते रंगभूमीवर आलं, आणि मर्फीने मोलिएरवरून घेतलं होतं. अत्र्यांचं 'कवडीचुंबक' तर थेट मोलिएरच्या कंजुषावरून. तुमच्या आईने फाल्गुनराव पाहिला असेल, तर तुमच्या घरात मोलिएर येऊन गेलेलाच आहे.

माझ्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. आजकाल उठसूट भक्तीची टिंगल करणं हीच कला झाली आहे. असल्या नाटकांची तारीफ तुमच्यासारख्यांनी करावी याचं वाईट वाटलं.
— एक वारकरी, कळवा

माउली, तुमच्याच दिंडीतला साक्षीदार काढते. 'ऐसे कैसे जाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधू ॥ अंगा लावूनियां राख । डोळे झांकुनी करिती पाप ॥' तुकोबा १६५० साली वैकुंठाला गेले. 'तार्त्युफ'चा पहिला प्रयोग झाला १६६४ साली. म्हणजे चौदा वर्षं आधीच देहूला हे सांगून झालं होतं, आणि ते सांगणाऱ्याला आपण भक्तीचा शत्रू म्हणत नाही.

तुमचा आक्षेप मात्र जुना आहे आणि मोलिएरने तो चांगलाच भोगला. १२ मे १६६४ ला व्हर्साय इथे राजवाड्याच्या उत्सवात तीन अंकांचं नाटक झालं. चौदाव्या लुईला ते आवडलं, तरी धर्ममार्तंडांच्या रेट्यापुढे त्याने जाहीर प्रयोगांना मनाई केली. पिएर रुले नावाच्या एका पाद्र्याने तर नाटककाराला जाळायला हवं असं छापून टाकलं. १६६७ मध्ये मोलिएरने तार्त्युफचं नाव पानुल्फ केलं, त्याच्या अंगावर कमरेची तलवार आणि लेसचे कपडे चढवले, म्हणजे कोणी त्याला धर्मगुरू म्हणू नये. राजा तेव्हा लढाईवर होता. एक प्रयोग झाला आणि दुसऱ्या दिवशी बंदी. पाठोपाठ पॅरिसच्या आर्चबिशपने फर्मान काढलं की हे नाटक बघणं, वाचणं, नुसतं ऐकणंसुद्धा बहिष्काराला पात्र. ५ फेब्रुवारी १६६९ ला परवानगी मिळाली तेव्हा थिएटरात पाय ठेवायला जागा नव्हती.

त्या काळातला एक किस्सा मोलिएरनेच प्रस्तावनेच्या शेवटी दिला आहे. बंदीनंतर आठवड्याभरात दरबारात दुसरं एक नाटक झालं, त्यात एक विदूषक संन्याशाचं सोंग घेऊन वाट्टेल ते चाळे करतो. राजाने बरोबरच्या राजपुत्राला विचारलं, 'मोलिएरवर एवढे चिडणारे या नाटकावर चकार शब्द का काढत नाहीत?' तो म्हणाला, 'कारण हे नाटक देवाधर्माची चेष्टा करतं, त्याची या लोकांना पर्वा नाही. मोलिएरचं नाटक त्यांची चेष्टा करतं, ते त्यांना सहन होत नाही.'

हा फरक आपल्या कायद्यानेही केलाय. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडलं तर सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे. पण यात्रा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना तो हात लावत नाही, तसं कलमातच लिहिलंय. तुमच्या टाळाला धोका नाही. पुढच्या प्रयोगाला या, माझ्या खर्चाने. तरी राग राहिला तर भांडू.

आमचा वाशीतला ग्रुप हे नाटक बसवतोय आणि मला तार्त्युफ मिळालाय. दोन अंक विंगेत बसून राहायचं म्हणजे शिक्षाच. भूमिका कशी करू? दिग्दर्शकाच्या मनात भगवी कफनी आणि रुद्राक्षं आहेत.
— हौशी नट

शिक्षा? अरे, तुझ्यासाठी सबंध घर दोन अंक पायघड्या घालतंय! तू नसताना सगळे तुझ्याबद्दलच बोलतात. तिसऱ्या अंकात तू आलास की प्रेक्षक आधी तुला नीट न्याहाळणार, आणि तेवढी फुरसत त्याला दे. एन्ट्रीचं पहिलं वाक्य नोकराला आहे: माझं केसाळ बोचरं वस्त्र आणि अंगावर मारून घ्यायचा चाबूक नीट ठेवून दे. हे वाक्य नोकराला असलं तरी दोरीनने ऐकावं म्हणून आहे. तेव्हा आधी तुला दोरीन दिसली पाहिजे, ती दिसली हे आम्हाला दिसलं पाहिजे, मग बारीकसा पॉज, आणि मग वाक्य. बहुतेक नट बोलतच आत येतात आणि हशा विंगेतच सांडतो. लगेच पुढे रुमालाची जागा आहे. दोरीनला छाती झाकायला रुमाल देताना तू नजर वळवतोस, पण आधी पुरेशी बघून घेतल्याशिवाय नाही.

प्रेक्षकांकडे बघून डोळा मारू नकोस. तार्त्युफ लबाड आहे हे आम्हाला ठाऊक आहे, तू सांगायची गरज नाही. ऑर्गोंच्या तोंडी एक वाक्य आहे: या पुण्यात्म्याने प्रार्थना करताना एक पिसू पकडली आणि जरा जास्तच रागाने मारली, म्हणून तो स्वतःला दोष देत होता. ही गोष्ट ऑर्गोंला तूच कधीतरी डोळ्यांत पाणी आणून सांगितली असशील. त्या दिवशी तू कसा बोलला असशील ते शोध, तुझी भूमिका तिथे आहे. पैशाचंही तसंच. ऑर्गों देणगी द्यायचा तेव्हा हा अर्धी परत करायचा, 'फार झालं' म्हणून, आणि घेतली नाही तर त्याच्या देखत गरिबांना वाटायचा. सगळी खिशात टाकणारा बुवा किरकोळ. अर्धी परत करणारा बुवा घर घेतो.

सगळ्यांत अवघड जागा दामिस तुझं बिंग फोडतो ती. तू नाकारत नाहीस! 'हो भाऊ, मी पापी आहे, दुष्ट आहे, मला हाकला' म्हणतोस, आणि ऑर्गों मुलावर उलटतो. इथे आवाज चढवलास की मेलास. हळू बोल, खरं बोल. या नाटकात तार्त्युफ खरं बोलतो ते एवढंच, आणि नेमकं त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही.

टेबलाचा प्रवेश तुझा नाही, एल्मीरचा आहे. ती खोकते, पुन्हा खोकते, नवरा टेबलाखालून हलत नाही. तू तिला हवा तेवढा वेळ दे. ऑर्गों केव्हा बाहेर येतो हे दिग्दर्शकाला विचार. बायकोच्या अब्रूवर गदा येते तेव्हा नाही. 'तुझा नवरा? त्याला नाकाला धरून कुठेही न्यावं' असं तू म्हणतोस, त्याच्यानंतर. आणि तो बाहेर आल्यावर एल्मीर काय म्हणते? 'इतक्यात? जा आत, अजून खात्री करून घ्या.' या एका वाक्याला टाळी पडली नाही तर पैसे परत मागेन. टेबलक्लॉथ प्रेक्षकांच्या बाजूला वीतभर आखूड ठेवा, ऑर्गोंची बोटं दिसू देत. आमच्या इथल्या ऑर्गोंने पायाचा अंगठा नुसता आवळला होता, तेवढ्यावर थिएटर कोसळलं.

कफनी नको. भगवी घातली की प्रेक्षक निर्धास्त होतो, म्हणतो हा तर ओळखू आला असता. ठाण्याच्या प्रयोगातल्या तार्त्युफला अर्ध्या बाह्यांचा साधा बुशशर्ट होता, खिशाला पेन, अगदी क्लासचे सर. माझ्या अंगावर काटा आला. मादाम पेर्नेलला बाई मिळत नसेल तर हातपाय गाळू नका, मूळ प्रयोगात ती भूमिका लुई बेजार नावाच्या पुरुषानेच केली होती. आणि तिकीट लावणार असाल तर नाटकाची संहिता सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे वेळेत पाठवा. प्रमाणपत्रासाठी शेवटच्या आठवड्यात पळापळ करणारे ग्रुप मी पुष्कळ पाहिलेत.

शेवट फसला असं नाही वाटत? सगळं घर बुडालंय आणि अचानक राजाचा माणूस येऊन तार्त्युफलाच पकडतो. हिंदी सिनेमासारखं झालं.
— नेरूळ

फसलाय, आणि मोलिएरला ते कळत नसेल असं मला वाटत नाही. ज्या राजाच्या परवानगीवर नाटक उभं राहिलं त्याला शेवटी मुजरा करणं भाग होतं. पण मुजऱ्याआधी काय आहे ते बघा. घर खाली करायचा हुकूम घेऊन एक बेलिफ येतो, नाव लोयाल. इतका मऊ, इतका अदबशीर की 'सकाळपर्यंत सामान हलवा, माझी माणसं मदतीला देतो' असं हसून सांगतो. मला तार्त्युफपेक्षा त्याची भीती वाटते. त्याच सुमाराला मादाम पेर्नेल येते आणि मुलाचं ऐकूनच घेत नाही. ऑर्गों ओरडतो, 'अगं, मी पाहिलं, या माझ्या डोळ्यांनी पाहिलं!' ती म्हणते, दिसतं तसं नसतं. त्याने सगळ्या घराशी जे केलं तेच आता त्याची आई त्याच्याशी करते. नाटक माझ्या लेखी तिथेच पुरं होतं. आपल्या प्रयोगात राजाच्या माणसाचा पोलीस इन्स्पेक्टर केला होता. तो वेळेवर दारात हजर झाला तेव्हा मागून कोणीतरी म्हणालं, 'इतक्या लवकर?' आणि सगळं थिएटर हसलं. शेवटाचं याहून चांगलं परीक्षण मला लिहिता येणार नाही.

माझ्या मुलांनी मला मुद्दाम या नाटकाला नेलं. मला कळलं, मी काही दूधखुळा नाही. माझ्या गुरूंनी माझी दारू सोडवली, ती माझ्या मुलांना सोडवता आली नव्हती. मी कोणाच्या नावे काही केलेलं नाही. दर गुरुवारी जातो, शांत वाटतं. मी ऑर्गों आहे का?
— निवृत्त, नौपाडा

काका, गठ्ठ्यात स्वतःबद्दल लिहिणारे तुम्ही एकटेच. बाकी सगळ्यांनी साडूबद्दल लिहिलंय.

दारू सुटली ही मोठी गोष्ट आहे, आणि ती ज्याने सोडवली त्याच्याबद्दल माया वाटणारच. मुलांनी तुम्हाला नाटकाला नेलं ते मला आवडलं नाही. तिकीट काढून टोमणा मारण्यापेक्षा समोर बसून विचारायचं होतं की गुरुवारी तिथे काय असतं, एकदा आम्हीही येऊ का. क्लेआन्त निदान ऐकून तरी घेतो.

पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. दारू सुटली हे तुमच्या पत्रात आहे. दारूबरोबर आणखी काय सुटलं ते नाही. मित्र सुटले का? घरात कोणाच्या आजारपणाची बातमी आली तर पहिला विचार कोणाचा येतो? ऑर्गों मोठ्या अभिमानाने सांगतो की या सत्पुरुषामुळे माझी सगळ्यांतली माया सुटली, भाऊ, मुलं, आई, बायको डोळ्यांपुढे मेली तरी मला एवढंसुद्धा वाटणार नाही. तो याला प्रगती म्हणतो. तुम्हाला तसं काही होत नसेल तर तुम्ही ऑर्गों नाही, आणि मुलांना हे पान दाखवायला माझी हरकत नाही.

खात्री करायचीच असेल तर एक करून पाहा. गुरूंना सांगा, येत्या गुरुवारी जमणार नाही, नातवाला पोहायला घेऊन जायचंय. कारण आजारपणाचं नको, मजेचंच सांगा. ते काय म्हणाले, आणि म्हणताना त्यांचा चेहरा कसा होता, ते मला जरूर कळवा.